हुतुतू, कबड्डी आणि नियमांची भाऊबंदकी

एकाच कुळातील दोन खेळ एका देशात नांदू लागले की त्यांच्यात भाऊबंदकी सुरू होते. मैदान कोणाचे, प्रेक्षक कोणाचा, शाळेतील चपळ मुलगा कोणाच्या वाट्याला जाणार, आणि वडिलोपार्जित नाव कोणी लावायचे, असे वाद निघतात. वरकरणी हे वाद नियमांचे दिसतात. पण थोडे खोल गेले की त्यांच्या तळाशी पैसा, प्रदेश आणि अभिमान या तीन गोष्टी सापडतात. या व्याख्यानात आम्ही हा विषय आपल्या मातीतल्या हुतुतूच्या आधाराने मांडणार आहोत. तत्पूर्वी परदेशातील फुटबॉलचे उदाहरण थोडक्यात पाहणे सोयीचे होईल, कारण भाऊबंदकीचा तेवढा लांबलेला दावा दुसऱ्या कोणत्याही खेळात झालेला नाही.

एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास इंग्लंडमध्ये ज्याला फुटबॉल म्हणत तो खेळ प्रत्येक शाळेत निराळा होता. कोठे चेंडू हातात घेऊन पळणे चालत असे, कोठे तो केवळ पायाने मारावयाचा असे, आणि कोठे तर प्रतिपक्षाच्या नडगीवर लाथ मारणे हाही खेळाचाच भाग समजला जाई. १८६३ साली लंडन येथे काही क्लबांचे प्रतिनिधी एकत्र बसले आणि त्यांनी फुटबॉल असोसिएशन स्थापन केली. चेंडू हाती घेऊन पळणे आणि नडगीवर लाथ मारणे या दोन्ही गोष्टी बंद कराव्यात असे बहुमताने ठरताच एक क्लब बाहेर पडला. पुढे १८७१ साली हाती चेंडू घेणाऱ्यांनी आपली रग्बी संघटना वेगळी केली. येथवरचा वाद खेळाच्या रीतीचा होता. परंतु १८९५ साली खुद्द रग्बीचेच दोन तुकडे झाले, आणि त्याचे कारण आपल्याकडील कोणाही मजुराला चटकन समजेल असे आहे. उत्तर इंग्लंडमधील खाणकामगार व गिरणीकामगार शनिवारी सामना खेळावयास जात, तेव्हा त्यांच्या कामाचा खाडा पडे. हा बुडालेला रोज क्लबाने भरून द्यावा अशी त्यांची मागणी होती. दक्षिणेकडील सुखवस्तू मंडळींना खेळासाठी पैसा घेणे कमीपणाचे वाटे. बोलणी फिसकटली, उत्तरेकडील क्लब वेगळे झाले आणि त्यांनी पुढे नियमही बदलले. एका खाड्यापायी एका खेळाचे दोन खेळ झाले.

ऑस्ट्रेलियात तर या भाऊबंदकीने देशाच्या नकाशावर रेघ ओढली. मेलबोर्न शहरात १८५९ साली, म्हणजे लंडनच्या बैठकीच्याही चार वर्षे आधी, तेथील मंडळींनी आपल्या फुटबॉलचे नियम लिहून काढले होते. व्हिक्टोरिया व तिच्या पश्चिमेकडील प्रांतांत हा देशी फुटबॉल रुजला, तर सिडनी व क्वीन्सलंड या बाजूंस रग्बीने जम बसविला. दोहोंच्या मधल्या सीमेला इयन टर्नर या इतिहासकाराने १९७८ साली एका नामवंत खेळाडूच्या नावावरून 'बरासी रेषा' असे गमतीने म्हटले, आणि ते नाव रूढ झाले. आपण ज्याला फुटबॉल म्हणतो तो तेथे बराच काळ स्थलांतरितांचा खेळ समजला गेला. देशी फुटबॉल, दोन प्रकारची रग्बी आणि हा चौथा, अशा चौघांत तेथील तरुणांचे बळ वाटले गेले.

याच मेलबोर्न शहरात १९५६ च्या ऑलिंपिकमध्ये आपल्या भारतीय फुटबॉल संघाने यजमान ऑस्ट्रेलियाला ४-२ असे हरविले आणि पुढे चौथे स्थान मिळविले. मुंबईकडून खेळणारे, मूळचे गोव्याचे नेव्हिल डिसोझा यांनी त्या सामन्यात तीन गोल केले. संघाचे शिक्षक हैदराबादचे सय्यद अब्दुल रहीम होते. आम्हा मराठवाड्याच्या लोकांस या घटनेत आणखी एक योग दिसतो. तो सामना १ डिसेंबरला झाला, आणि त्याच्या बरोबर एक महिना आधी, १ नोव्हेंबर १९५६ रोजी, बीडसह मराठवाडा हैदराबाद राज्यातून निघून मुंबई राज्यात सामील झाला होता. ज्या हैदराबादच्या छत्राखाली आपण शतकांमागून शतके काढली, ते शहर त्या काळी देशातील फुटबॉलचे मोठे केंद्र होते. हैदराबाद सिटी पोलिसांच्या संघाने १९५० पासून सलग पाच वर्षे मुंबईचा रोव्हर्स चषक जिंकला होता. पण राजधानीचा तो फुटबॉल बालाघाटाचा डोंगर फारसा चढून आला नाही. चेंडू, बूट आणि सपाट प्रशस्त मैदान यांची तजवीज होण्याजोगी खेड्याची स्थिती नव्हती. हुतुतूला यांपैकी काही लागत नाही. काठीने ओढलेली एक रेघ, मोकळे अंग आणि छातीत दम, एवढ्यावर तो उभा राहतो. म्हणून आमच्याकडे भाऊबंदकी झाली ती फुटबॉलच्या घरात नव्हे, हुतुतूच्या घरात.

एका खेळाच्या तीन रीती

आज कबड्डी म्हटली की एकच खेळ डोळ्यांपुढे येतो. परंतु शंभर वर्षांपूर्वी हा खेळ नावानेही एक नव्हता आणि रीतीनेही नव्हता. महाराष्ट्रात तो हुतुतू होता, तमिळ व तेलुगू मुलखात चेडुगुडू, बंगालमध्ये हाडुडू आणि उत्तरेकडे कबड्डी. चढाई करणाऱ्याने तोंडाने जो शब्द घोकावयाचा तोच बहुधा खेळाचे नाव होऊन बसला. मात्र नावापेक्षा महत्त्वाचा भेद दुसरा होता. बाद झालेल्या गड्याचे पुढे काय करावयाचे? या एका प्रश्नाच्या तीन उत्तरांतून तीन रीती निघाल्या.

पहिली रीत अमर. हिच्यात गडी बाद झाला तरी मैदान सोडीत नाही. प्रतिपक्षाला एक गुण मिळतो आणि खेळ तसाच पुढे चालतो. हिच्यात सर्वांना शेवटपर्यंत खेळावयास मिळते हा तिचा गुण. पण कोणी मेलाच नाही तर मारण्याची धार राहत नाही. मैदानात शेवटचा एकटा गडी उरला आहे आणि त्याच्यावर साऱ्या डावाची भिस्त आहे, असा प्रसंग अमरमध्ये येऊच शकत नाही.

दुसरी रीत कोठे 'जेमिनी' तर कोठे 'गामिनी' अशा नावाने ओळखली गेली. ती अमरच्या अगदी उलट टोकाची आहे. एकदा बाद झालेला गडी बाहेर बसला की साऱ्या संघाचा निकाल लागेपर्यंत बाहेरच. सगळे बाद झाले की एक डाव संपला. असे ठरलेले डाव जो आधी जिंकेल तो विजयी. हिच्यात थरार भरपूर, परंतु वेळेचा हिशेब नाही. दोन तुल्यबळ संघ भिडले तर दिवस मावळला तरी सामना संपेना, आणि पहिल्याच चढाईत बाद झालेला उमदा गडी घटका घटका रेषेबाहेर हात चोळीत बसे.

तिसरी रीत संजीवनी. नावातच तिचे मर्म आहे. आपला गडी बाद झाला तर बाहेर जातो; परंतु आपण प्रतिपक्षाचा गडी बाद केला की आपला एक गडी जिवंत होऊन परत येतो. म्हणजे हिच्यात मरणही आहे आणि पुनर्जन्मही आहे. समोरचा सारा संघ बाद झाला तर 'लोण' चढते व त्याचे जादा गुण मिळतात, आणि ठराविक वेळ संपली की गुणांवर निकाल लागतो.

या तीन रीतींत संजीवनीच का टिकली, हे आता ध्यानात येईल. अमरमधील सर्वांना खेळविण्याचा गुण तिने अर्धा घेतला, दुसऱ्या रीतीतील थरारही अर्धा घेतला, आणि वर घड्याळाची शिस्त आणली. शाळेच्या तासाला, गावच्या जत्रेतील एका दुपारला, पुढे रेडिओच्या वर्णनाला आणि दूरचित्रवाणीच्या वेळापत्रकाला बसेल असा खेळ तिच्यातूनच घडू शकत होता. एखादा नियम जिंकतो तो दरवेळी श्रेष्ठ असतो म्हणून नव्हे. त्या काळाच्या सोयीत तो बसतो म्हणून जिंकतो.

एकीकरणाचा इतिहास

हे एकीकरण आपोआप झाले नाही. विसाव्या शतकाच्या दुसऱ्या व तिसऱ्या दशकांत महाराष्ट्रातील व्यायामप्रेमी मंडळींनी नियम लेखी करण्याचे काम हाती घेतले. १९२३ साली बडोद्याच्या हिंद विजय जिमखान्याने अखिल भारतीय सामने भरविले, तेव्हा निरनिराळ्या रीतींनी खेळणारे संघ एका नियमपुस्तकाखाली उतरले. १९३६ साली अमरावतीच्या हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाच्या पथकाने बर्लिन ऑलिंपिकच्या वेळी या खेळाचे प्रात्यक्षिक परदेशी प्रेक्षकांना दाखविले. १९३८ साली कलकत्त्याच्या राष्ट्रीय क्रीडा महोत्सवात त्याला स्थान मिळाले. स्वातंत्र्यानंतर १९५० साली अखिल भारतीय संघटना उभी राहिली आणि १९५२ साली मद्रास येथे पुरुषांच्या पहिल्या राष्ट्रीय स्पर्धा झाल्या.

संघटनेने कबड्डी हे नाव स्वीकारले आणि महाराष्ट्राने आपले लाडके 'हुतुतू' बाजूस ठेवले. हा त्याग लहान नव्हता. नियमांचा मोठा भाग महाराष्ट्राच्या आखाड्यात घडलेला, आणि नाव मात्र दुसऱ्याचे. घर आपण बांधावे आणि पाटी शेजाऱ्याची लागावी, असा तो प्रकार. पण देशभर एक खेळ उभा राहावयाचा तर कोणीतरी नावाचा आग्रह सोडणे भाग होते. शंकरराव उर्फ बुवा साळवी यांच्यासारख्या कार्यकर्त्यांनी पुढे हा खेळ आशियाभर नेण्यासाठी जन्म वेचला. त्यांचा जन्मदिवस, १५ जुलै, महाराष्ट्रात कबड्डी दिन म्हणून पाळला जातो. १९९० साली बीजिंगच्या आशियाई स्पर्धांत कबड्डीला पदकाचा खेळ म्हणून मान मिळाला. तेव्हापासून २०१४ पर्यंत पुरुषांचे सातही सुवर्णपदक भारताने जिंकले. २०१८ साली जकार्ता येथे इराणने ही परंपरा मोडली, आणि महिलांच्या अंतिम सामन्यातही भारताला हरविले. त्या दिवशी पुष्कळांना वाईट वाटले. आम्हांस मात्र त्यात खेळाचा विजय दिसतो. जो खेळ दुसरा कोणी जिंकूच शकत नाही, तो आपल्या घरचाच राहतो. जगाचा होत नाही. पुढे २०२३ मध्ये हांगझोऊ येथे भारताने दोन्ही सुवर्णपदके परत मिळविली.

न जुळलेला भाऊ

या एकत्र कुटुंबात एक भाऊ मात्र कधीच राहावयास आला नाही, तो पंजाबचा. तेथील कबड्डी चौकोनात नव्हे, वर्तुळात खेळली जाते. चढाई करणाऱ्याच्या अंगावर साऱ्या संघाने साखळी करून पडावयाचे नाही. एकाने एकालाच अडवावयाचे. त्यामुळे ती कुस्तीच्या अधिक जवळची आहे, आणि बाद झालेला गडी मैदान सोडीत नसल्याने तिच्यात अमर रीत जिवंत आहे असेही म्हणता येईल. आशियाई स्पर्धांत हिला स्थान नाही. तरी पंजाबच्या खेड्यांत आणि कॅनडा, इंग्लंड येथील पंजाबी वस्त्यांत हिला हजारोंची गर्दी लोटते. पंजाब सरकारने २०१० साली हिचा वेगळा विश्वचषकही भरविला. तात्पर्य, अधिकृत मान्यता आणि लोकप्रियता या दोन वस्तू भिन्न आहेत. मान्यता संघटना देते. लोकप्रियता गाव देते. आयर्लंडमध्येही १८८४ साली स्थापन झालेल्या देशी खेळांच्या संघटनेने आपल्या सभासदांना इंग्रजी फुटबॉल व रग्बी खेळण्याची, इतकेच काय पाहण्याचीही बंदी घातली होती. ती बंदी १९७१ साली उठली, तरी देशी फुटबॉल बुडाला नाही. कारण त्याला बंदीने नव्हे, गावोगावच्या मैदानांनी जगविले होते.

माती आणि मॅट

नियमांचा वाद मिटला म्हणून भाऊबंदकी संपली नाही. ती आता पायाखाली आली आहे. पूर्वी कबड्डी मातीवर, अनवाणी खेळली जाई. आज मोठ्या स्पर्धा मॅटवर, बूट घालून होतात. मातीवर पाय रोवता येतो, मॅटवर तो सरकतो आणि वळतो. म्हणून मातीवर तयार झालेला गडी मॅटवर काही काळ चाचपडतो. दुसरा फरक दमाचा. पूर्वी चढाई किती वेळ चालावयाची हे गड्याचा श्वास ठरवीत असे. आज तीस सेकंदांचे घड्याळ ते ठरविते. शब्द अजून उच्चारावा लागतो, पण खरा पंच घड्याळ झाले आहे. २०१४ साली व्यावसायिक लीग सुरू झाली, तिने निर्णायक तिसऱ्या चढाईसारखे नियम आणून खेळ आणखी वेगवान केला, आणि लिलावात खेळाडूंवर लाखो रुपयांची बोली लागू लागली. खेळाडूला पैसा मिळाला हे आम्ही चांगलेच मानतो. इंग्लंडच्या खाणकामगारांनी जो खाडा भरून मागितला, तो येथे काही मोजक्यांना भरून मिळाला.

या माती-मॅटच्या प्रश्नाचे उत्तर शोधावयास आपणांस दूर जावयास नको. कुस्तीत हाच प्रश्न कबड्डीच्या आधी आला. खाशाबा जाधव मातीत वाढले, १९४८ साली लंडनला गादीवर उतरले, तेथून शिकून आले आणि १९५२ साली हेलसिंकीला त्यांनी कांस्यपदक मिळविले. महाराष्ट्र केसरी स्पर्धेने तर माती व गादी असे दोन विभाग ठेवून दोहोंच्या विजेत्यांची अखेरची गाठ घालण्याचा समंजस तोडगा काढला. आणि आपल्याच पाटोदा तालुक्याचे राहुल आवारे यांनी २०१८ साली राष्ट्रकुल स्पर्धांत सुवर्णपदक व २०१९ साली जागतिक स्पर्धेत कांस्यपदक मिळविले, ते गादीवरच. मराठी मातीतला मल्ल गादी जिंकू शकतो, याचा पुरावा आपल्या तालुक्यानेच दिला आहे. पण त्यासाठी गादी, वस्ताद आणि वेळ या तिन्ही गोष्टी हाती याव्या लागतात, आणि त्या मिळविण्याकरिता आपल्या मुलांना अजून पुण्याची वाट धरावी लागते, हेही तितकेच खरे.

आपला प्रश्न

आता मुख्य मुद्द्याकडे येतो. नियम कोणी करावेत, संघटना कोणाची खरी, हे वाद मुंबई-दिल्लीला होतात. त्यांची किंमत मात्र पाटोद्यासारख्या गावी मोजली जाते. शासकीय नोकरीत खेळाडूंसाठी पाच टक्के आरक्षण आहे. ते मिळावयाचे तर मान्यताप्राप्त संघटनेच्या स्पर्धेचे प्रमाणपत्र लागते. दोन संघटना भांडू लागल्या की एकीचा कागद दुसरीच्या लेखी रद्दी ठरतो. कबड्डीत हे प्रत्यक्ष घडले आहे. २०१८ साली दिल्ली उच्च न्यायालयाने अखिल भारतीय संघटनेचा कारभार प्रशासकाकडे सोपविला. २०१९ साली वेगळ्या गटाने निराळी लीग काढली. आणि २०२५ साली आशियाई स्पर्धेस जाता यावे एवढ्यासाठी दोन महिला खेळाडूंना सर्वोच्च न्यायालयाचे दार ठोठवावे लागले. ज्या मुलीने भल्या पहाटे उठून पकडीचा सराव करावयाचा, तिने वकिलाच्या पायऱ्या चढाव्यात, ही भाऊबंदकी कोणत्याही खेळाला शोभणारी नाही.

दुसरी किंमत खाड्याची. दसरा-दिवाळी उलटली की आपल्या तालुक्यातील वाड्या-वस्त्या ओस पडतात; उचल घेतलेली जोडपी मुकादमाच्या टोळीबरोबर कारखान्याच्या फडावर जातात, आणि त्यांच्याबरोबर पुष्कळदा त्यांची मुलेही जातात. शालेय स्पर्धांच्या वरच्या फेऱ्या अनेकदा याच दिवसांत येतात. तालुक्याला चमकलेला गडी जिल्ह्याच्या वेळी फडावर असतो. त्याच्या बापाचा एक दिवसाचा खाडा पडला तर उचलीतून पैसे कापले जातात. मग मुलाला सामन्याला कोण घेऊन येणार? १८९५ च्या इंग्लंडमधील तो प्रश्न आमच्या शिवारात आजही उभा आहे. फरक इतकाच की तेथील क्लबांनी निराळी संघटना काढली, आणि आमचा गडी मुकाट्याने खेळ सोडतो.

यावर उपाय काय? आमच्या अल्पमतीप्रमाणे तीन गोष्टी गावपातळीवरच होऊ शकतात. पहिली, तालुक्याच्या ठिकाणी निदान एक मॅट सर्व शाळांच्या सामायिक उपयोगासाठी असावी, आणि तिच्याशेजारी मातीचे मैदानही राखावे. पाया मातीवर घालावा, सवय मॅटची करावी. दुसरी, फडावर जाणाऱ्या कुटुंबातील होतकरू मुलामुलींना हंगामी वसतिगृहात ठेवून घेताना त्यांच्या सरावाचीही सोय व्हावी, आणि निवडीचे सामने शक्यतो टोळ्या जाण्यापूर्वी उरकावेत. तिसरी, कोणत्याही स्पर्धेत नाव नोंदविण्यापूर्वी तिचे प्रमाणपत्र ग्राह्य आहे की नाही हे जिल्हा क्रीडा अधिकाऱ्यांच्या कार्यालयात विचारून घेण्याची सवय शिक्षकांनी व पालकांनी लावून घ्यावी. हे विचारण्यास काही खर्च येत नाही, आणि न विचारल्यास मुलाची तीन-चार वर्षे वाया जातात.

आणखी एक गोष्ट करण्यासारखी आहे, ती केवळ ममतेपोटी. आपल्या घरांतून अजून काही वृद्ध मंडळी आहेत, ज्यांनी हुतुतू या नावानेच हा खेळ खेळला. कोणत्या वाडीत अमर चाले, कोठे पूर्ण डाव संपेपर्यंत बाहेर बसावे लागे, कोणता शब्द घोकीत, वाद झाला तर पंच कोण असे, हे त्यांना विचारून शाळेच्या वहीत उतरवून घ्यावे. नियमपुस्तकात एकच रीत राहिली हे खेळाच्या भल्याचे झाले. परंतु ज्या अनेक रीतींनी मिळून ती एक रीत घडविली, त्यांची नोंद कोणत्याही संघटनेच्या दप्तरात होणार नाही. ती गावालाच ठेवावी लागेल. संजीवनीचा नियम असा आहे की आपण एखाद्याला बाद केले तरच आपला गडी परत येतो. आठवणींच्या बाबतीत तेवढी अट नाही. कोणालाही बाद न करता त्या परत आणता येतात. मात्र सांगणारे हयात आहेत तोवरच.